शस्त्रसंधीवर नजर: श्रीलंकेची पद्धत की नेपाळची?

राज्यशास्त्र शिकणारी माझी भाची अडून बसली होती. सरकार आणि बंडखोरांची बोलणी चालू असताना शस्त्रसंधीवर लक्ष ठेवायला नमुना कुणाचा घ्यावा, श्रीलंकेचा की नेपाळचा?

खरा फरक शस्त्रांचा. 2002मध्ये सरकार आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना यांच्यात शस्त्रसंधी करार झाल्यावर श्रीलंकेत नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या) देशांचे निःशस्त्र निरीक्षक आले, पण एलटीटीईच्या बंदुका एलटीटीईकडेच राहिल्या. निरीक्षकांनी तक्रार ऐकायची, जागेवर जाऊन पाहायचं, उल्लंघन झालं का ते सांगायचं. दंड करायचा अधिकार नाही. नेपाळमध्ये 2006च्या शांतता करारानंतर माओवाद्यांची शस्त्रं छावण्यांतल्या कंटेनरांत बंद झाली आणि संयुक्त राष्ट्रांनी ती नोंदवली. किल्ली माओवाद्यांकडेच, पण कंटेनरांवर निरीक्षकांची चोवीस तास नजर. लष्करानेही तेवढीच शस्त्रं बंद केली. अशा बरोबरीत शरण गेल्याची बोच राहत नाही, आणि मला ही बरोबरीच सगळ्यात मोलाची वाटते.

निरीक्षक कुठले, हेही बघावं. 2006मध्ये युरोपीय संघाने एलटीटीईला दहशतवादी ठरवलं. मग एलटीटीईच्या मागणीवरून त्या संघातल्या स्वीडन, फिनलंड, डेन्मार्कचे निरीक्षक गेले, नॉर्वे आणि आइसलंडचे मोजके उरले. जानेवारी 2008मध्ये सरकार करारातूनच बाहेर पडलं.

बोलणी नुकतीच सुरू झाली असतील, शस्त्रं बंद करून ठेवायला कुणी राजी नसेल, तर श्रीलंकेसारखी छोटी तुकडी बरी. फक्त तिच्यातले देश दोघांनाही शेवटपर्यंत चालणारे हवेत. राजकीय तडजोड ठरली असेल, तर नेपाळचीच पद्धत घ्यावी.