हंगामभर वापरून पाहिलं: सहलींच्या हिशेबाचं ॲप आणि ॲडव्हान्सचा घोळ

ॲपचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून मिटलेली नाही. मोबाईलवर बिलं करणारी जी चार-पाच ॲप आपल्या सहली काढण्याच्या धंद्यात फिरतात, त्यातलंच हे एक. बिल चटकन निघतं, व्हॉट्सॲपवर जातं, खाली क्यूआर छापून येतो. त्याबद्दल काही म्हणणं नाही. नोव्हेंबर ते जून ताडोबा, पेंच, पचमढी, चिखलदरा असा सगळा हिशेब यात घातला आणि एकच गोष्ट सतत आडवी आली: या ॲपला ॲडव्हान्स कळत नाही.

दुकानदाराचं यात काही अडत नाही. आपले पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, सहल मे महिन्यात निघते आणि मध्ये ३१ मार्च येऊन बसतो. समजा ८ जणांचं पॅकेज आहे, माणशी ९,५००. म्हणजे ७६,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी ३,८००, एकूण ७९,८००. मार्चमध्ये निम्मे, ३९,९०० आले. मालाच्या ॲडव्हान्सवर आता कर नाही, पण सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे हातात आले त्याच वेळी लागतो. म्हणजे यात ३८,००० मूळ रक्कम आणि १,९०० कर. याची वेगळी पावती द्यायची, जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणात) ११ए या ॲडव्हान्सच्या तक्त्यात दाखवायचं आणि मे महिन्यात पूर्ण बिल झालं की ११बी मध्ये वळतं करायचं.

ॲपमध्ये दोनच वाटा आहेत. 'पेमेंट इन' (पैसे आल्याची नुसती नोंद) केलं तर रक्कम ग्राहकाच्या नावावर जमा राहते, नफ्यात मिसळत नाही, हे बरोबर. पण त्यातला १,९०० कर कुठेच दिसत नाही आणि ११ए कोरा निघतो. दुसरी वाट म्हणजे मार्चमध्येच बिल करणं. कस्टमर केअरने तीनदा हेच सांगितलं. तसं केलं की ७६,००० ची विक्री या वर्षात, हॉटेल-गाडीचा खर्च पुढच्या वर्षात. नफा फुगतो, शिवाय जे ३९,९०० अजून आलेच नाहीत त्यांच्यावरचा १,९०० कर दोन महिने आधी खिशातून जातो. हंगामात अशी तीस-चाळीस बुकिंग असली तर ही रक्कम लहान नाही.

म्हणून पहिलीच वाट धरावी आणि शेजारी एक शीट ठेवावी. रकाने असे: पावतीची तारीख, पावती क्रमांक (बिलांपेक्षा वेगळी मालिका), ग्राहकाचं राज्य, मिळालेली रक्कम, ती भागिले १.०५ (मूळ रक्कम), कर, बिल क्रमांक. महिनाअखेरीला या महिन्याच्या ज्या ओळींत बिल क्रमांक रिकामा आहे त्या ११ए मध्ये. ज्यांची पावती आधीच्या महिन्याची आणि बिल या महिन्याचं, त्या ११बी मध्ये. दोन्ही एकाच महिन्यात झालं असेल तर कुठेच नाही. विवरण तिमाही असेल तर महिन्याच्या जागी तिमाही धरा. राज्याचा रकाना गाळू नका. रायपूरचा ग्राहक असला तर कर आयजीएसटीत (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी) जातो. आणि मे महिन्यात ॲपचा ३बी अहवाल (कर भरायच्या जीएसटीआर-३बी विवरणाचा) जसाच्या तसा भरू नका. तो पूर्ण ७६,००० वर कर लावतो, तेच १,९०० दुसऱ्यांदा जातात.

सहल रद्द झाली की हाच घोळ पुढे सरकतो. ३९,९०० पैकी २६,२५० परत केले, १३,६५० ठेवून घेतले. ॲप ते १३,६५० ग्राहकाचं देणं म्हणून कायम दाखवत राहतं. खरं म्हणजे ठेवून घेतलेल्या रकमेवरही सहलीच्याच दराने कर आहे. १३,००० अधिक ६५० असं रद्दीकरणाचं बिल करून त्या ॲडव्हान्सला जोडा, तेव्हा खातं शून्यावर येतं.

आणखी एक. ५ टक्क्यांच्या दरात हॉटेलच्या बिलावरचं आयटीसी (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) आपल्याला मिळत नाही. ज्या टूरवाल्याकडून आपण सहल घेतो त्याच्या बिलावरचं तेवढं मिळतं. ॲप मात्र प्रत्येक खरेदीवर 'आयटीसी पात्र' ही खूण आपणहून लावतं. ती दर बिलावर काढावी लागते, हॉटेलच्या नावावर एकदा ठरवून टाकायची सोय नाही. ४०,००० अधिक २,००० असं बिल आलं की आपला खर्च ४२,००० धरायचा.

इथपर्यंत दोनच स्टार दिले असते. 'प्रोजेक्ट' या सोयीमुळे मत बदललं. आधी ती ठेकेदारांसाठी असेल असं वाटून बंदच ठेवली होती. प्रत्येक सहलीला एक प्रोजेक्ट करा ('ताडोबा मोहर्ली १४ मे'), बिल-हॉटेल-परमिट-गाडी सगळ्यांवर तीच खूण लावा, आणि त्या एका सहलीत काय उरलं ते समोर येतं. सफारीच्या सहलीत ते डोळे उघडणारं आहे. जिप्सीत पर्यटक सहाच. सातवा आला की दुसरी जिप्सी, दुसरं परमिट, दुसरा गाइड. सात-आठ जणांची सहल सहाच्या सहलीच्याच माणशी दराने विकणं किती महागात पडतं, ते आकड्यात पहिल्यांदा दिसलं. आता सात-आठचा दर वेगळा लावतो.

ड्रायव्हरची उचल खर्चात टाकू नका. प्रत्येक ड्रायव्हरच्या नावाने रोख खातं उघडा आणि उचल दिली की रोकडमधून तिकडे वळवा. ८,००० दिले, डिझेल ४,३५०, तीन दिवसांचा भत्ता १,२००, पार्किंग २००, पंक्चर १५०, उरलेले २,१०० परत रोकडमध्ये. पूर्ण ८,००० खर्चात टाकले तर ते २,१०० 'इतर उत्पन्न' होऊन बसतात. फास्टॅगचंही तसंच खातं करा, रिचार्ज म्हणजे खर्च नव्हे.

आणि पावतीचा फोटो नोंदीला चिकटतो, हे फार कामाचं आहे. पंपाची चिठ्ठी थर्मल कागदाची असते. मे महिन्यात नागपुरात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली तर चार दिवसांत काळी पडते, लिटरही वाचता येत नाहीत. ड्रायव्हरला पंपावरूनच फोटो पाठवायला सांगा. फक्त ॲप फोटो आवळून लहान करून ठेवतं, म्हणून चिठ्ठीने अख्खी चौकट भरेल इतक्या जवळून काढायला सांगा.

१ जुलैपासून ताडोब्याचा कोअर (जंगलाचा आतला भाग) तीन महिने बंद, तेवढ्यात ॲपच्या नूतनीकरणाची तारीख येते. दोन मोबाईल आणि कॉम्प्युटरची योजना घेणार नाही, एका मोबाईलची पुरते. ॲपवाल्यांनी ॲडव्हान्स नीट करायचा शब्द दिलाय, तो पाळला तर वरची योजना घेईन. मुदत संपायच्या आधी सगळे अहवाल एक्सेलमध्ये काढून ठेवा. मुदत संपली की नोंदी दिसतात, पण बाहेर काढता येत नाहीत.