साडेचार हजार देऊन फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, पॉडकास्ट करणाऱ्यांनी वाचा

भावांनो, लाजेनं महिनाभर कुणाला बोललो नाही, पण काल कळलं की गल्लीतला अजून एक पोरगा त्याच दुकानात चाललाय, म्हणून लिहितोय.

मी आणि माझा आतेभाऊ, आम्हाला जुन्या मल्लांचा पॉडकास्ट करायचा होता. कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्या ज्यांनी स्वतः केल्या ती माणसं आता थकत चाललीत, त्यांचा आवाज राहावा एवढंच डोक्यात. रेकॉर्डिंगमधलं दोघांनाही ओ का ठो कळत नव्हतं. राजारामपुरीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, त्यानं आधी चहा मागवला (तिथंच ओळखायला पायजे होतं) आणि लॅपटॉपवर एक 'पॉडकास्ट स्टुडिओ' म्हणून सॉफ्टवेअर दाखवलं. काळा चकचकीत लोगो, मुंबईच्या स्टुडिओत हेच वापरतात, लाइफटाइम लायसन्स, एकाच लॅपटॉपला चालणार, त्याची लायसन्स की (चालू करायचा नंबर) कुणाला द्यायची नाही. सॉफ्टवेअरचे ४५००, आणि २२०० चा एक असे दोन यूएसबी माइक, दोन्ही आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर येतील म्हणाला. एकूण ८९०० यूपीआयनं दिले. बिल मागितलं तर "पक्कं बिल पायजे तर जीएसटी वेगळा लागंल भावा", आणि आम्ही शहाणे, साध्या कागदावर लिहून घेऊन आलो.

पहिलं रेकॉर्डिंग एका वस्तादांच्या घरी. दोन तास बोलले. तालमीचा खुराक, पहाटेच्या जोर-बैठका, पोरांना मारलेल्या छड्या, एका हरलेल्या कुस्तीबद्दल बोलताना तर थांबलेच मधी. स्क्रीनवर लाटा हलत होत्या, आम्ही खूश. घरी येऊन ऐकतोय तर माझं "हो का, हो का" एकदम खणखणीत आणि वस्ताद शेजारच्या खोलीतनं बोलल्यासारखे. त्यांचा माइक रेकॉर्डच झाला नव्हता, माझ्या माइकनं जेवढं लांबनं पकडलं तेवढंच.

पुण्यातल्या मित्राला प्रोजेक्टची फाईल पाठवली. तो हसायलाच लागला, म्हणला, फाईलच्या शेवटी एयूपी३ लिहिलंय ते बघ, ही ऑडॅसिटीची, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून कापाकापी करायच्या सॉफ्टवेअरची फाईल आहे. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे, तिच्या स्वतःच्या साइटवरनं कुणीही उतरवावी. आमच्या शेठनी नाव आणि लोगो तेवढा बदलला होता. लायसन्स कीच्या जागी १२३४ टाकून बघितलं, तरी चालू झालं!! आणि ऑडॅसिटी एका वेळी एकाच डिव्हाइसवरनं रेकॉर्ड करते, त्यामुळं दोन यूएसबी माइक लावले तरी एकाचाच आवाज येणार, हे कुठलाही जाणकार सांगेल. सॉफ्टवेअरची काहीच चूक नाही, ते चांगलंच आहे.

दुकानात गेलो तर म्हणतो, फुकटचं सॉफ्टवेअर विकायला बंदी कुठाय. हे खरं आहे बरं का, ऑडॅसिटी ज्या जीपीएल नावाच्या खुल्या लायसन्सखाली येते, त्यात विकायला परवानगी आहे. पण त्याच लायसन्सनुसार पुढं कुणालाही कॉपी देता येते, मग "एकाच लॅपटॉपला, की कुणाला देऊ नका" हे कुठनं आणलं? यावर गडी गप्प. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावतो म्हणल्यावर २००० परत दिले. बाकीच्यासाठी तक्रार करायची तर हातात फक्त यूपीआयची नोंद आणि तो कागद, त्यावर दुकानाचा शिक्का पण नाही.

आता आम्ही ओबीएस नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, ते पण फुकट. त्यात दोन्ही यूएसबी माइक वेगवेगळे घेता येतात, सेटिंगमधी जाऊन प्रत्येकाला आपला ट्रॅक द्यायचा, सहापर्यंत ट्रॅक मिळतात. नंतरची कापाकापी ऑडॅसिटीतच. नवीन सामान घेणार असाल तर दोन यूएसबी माइकपेक्षा दोन साधे माइक आणि दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस (माइक आणि कॉम्प्युटरच्या मधी लावायचा डबा) घ्या, कॉम्प्युटरला ते एकच डिव्हाइस दिसतं. सॉफ्टवेअर पैसे देऊनच घ्यायचं तर रीपर नावाचं बघा, ६० दिवस वापरून बघायला मिळतं, दुकानातल्या चहावर ठरवायला नको. आणि कुठं पण जायच्या आधी घरीच दोन्ही माइकवर बोटानं टकटक करून, रेकॉर्ड झालेलं हेडफोन लावून ऐका, आम्ही ते पाच मिनिटाचं काम केलं नाही.

वस्तादांकडं परत गेलो होतो. सगळं परत सांगितलं, पण त्या हरलेल्या कुस्तीचं विचारलं तर म्हणले, "सांगितलं की रं मागं."