बेरीज गप्प बसते: केळीच्या हिशेबाला टॅब वापरल्यानंतरचा अनुभव

टॅबची चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने मागचं झाकण न उघडताच सांगितलं की बोर्ड बदलावा लागेल, टॅब पूर्ण रिसेट होईल, आतलं सगळं जाईल आणि खर्च नव्या टॅबच्या निम्म्याहून जास्त येईल. मी म्हटलं, हे लेखी द्या. तर म्हणे त्यासाठी आधी तपासणीचे पैसे भरा. टॅब पिशवीत टाकला आणि आमच्या गावी, जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला, परत आले. बसस्टँडजवळच्या मोबाइलवाल्याने फक्त चार्जिंगची पट्टी बदलली, काही शेकड्यांत काम झालं आणि आतल्या एका अक्षरालाही धक्का लागला नाही. ज्यांचा टॅब चार्ज होत नाही त्यांनी आधी पट्टीबद्दल विचारा, बोर्डाबद्दल नंतर.

हे लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. टॅबचे स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत असतात, रॅम किती न् स्क्रीन केवढा, ते मी परत लिहीत नाही. आमची तिघा भावांची शेती एकत्र आहे, केळी आणि थोडा कापूस. हिशेब माझ्याकडे. मागच्या कांदेबागेपासून (सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला लावलेल्या केळीपासून) वही बंद करून तो टॅबवर आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ठेवते. या काळात एका गोष्टीने मला जितका ताप दिला तितका बाकी सगळ्यांनी मिळून दिला नाही, आणि तिच्याबद्दल मराठीत कुणी नीट सांगितलेलं मला सापडलं नाही.

गोष्ट अशी. कापणीच्या दिवशी काट्याच्या पावत्या येतात. पुतण्या बांधावर बसून टॅबमध्ये वजनं भरतो, मी रात्री घरी तपासते. त्या दिवशी चार गाड्या गेल्या: ५२, ४८, ६१ आणि ४५ क्विंटल. शीटवर, म्हणजे हिशेबाच्या ओळी-रकान्यांच्या फाइलवर, खाली बेरीज आली १५८. आबा, म्हणजे माझे सासरे, पावत्या हातात घेऊन खाटेवर बसले होते. त्यांनी तोंडी बेरीज केली आणि म्हणाले, "हाई बेरीज चुकेल शे." म्हणजे ही बेरीज चुकली आहे, २०६ हवी. फरक बरोबर ४८ चा. ४८ तर शीटवर ठळक दिसत होते, मग ते मोजले का गेले नाहीत?

कारण पुतण्याच्या टॅबवर त्या वेळी मराठी कीबोर्ड चालू होता आणि ती एकच नोंद देवनागरी आकड्यांत गेली होती. बाकीच्या तीन इंग्रजी आकड्यांत. आपल्या डोळ्याला दोन्ही आकडेच. शीटला मात्र देवनागरी ४८ म्हणजे ‘केळी’ किंवा ‘चोपडा’ यांसारखा एखादा शब्द वाटतो. आणि बेरजेच्या सूत्राचा, म्हणजे ‘सम’चा, नियम असा आहे की दिलेल्या रकान्यात शब्द आला तर तो सोडून पुढे जायचं. ना चूक दाखवायची, ना थांबायचं. त्या दिवशीचा भाव १,४०० रुपये धरला तर ४८ क्विंटलचे ६७,२०० रुपये शीटवरून गायब. आबांनी पावत्या धरून ठेवल्या नसत्या तर व्यापाऱ्याशी आम्ही कमी वजनावर हिशेब मिटवला असता.

सरासरीचं सूत्रही असंच वागतं, शब्द वगळून बाकीच्यांची सरासरी काढतं. गुणाकार मात्र तसा नाही. वजनाच्या सेलला (सेल म्हणजे शीटवरचा एक चौकोन) भावाच्या सेलने थेट गुणलं आणि त्यात एक शब्द असला, तर तिथे ‘#व्हॅल्यू!’ अशी चूक येते आणि लगेच डोळ्यात भरते. म्हणून आता आमच्या शीटवर प्रत्येक गाडीच्या ओळीतच वजन गुणिले भाव अशी रक्कम निघते. एकूण वजन काढून शेवटी एकदाच भावाने गुणायची पद्धत सोपी दिसते, पण तिच्यात बेरीज गप्प बसते आणि कुणाला कळत नाही. नवती (नव्या लागवडीची केळी) आणि पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली केळी) यांचा भाव वेगळा असतो, त्यामुळे ओळीओळीने गुणणं तसंही बरं पडतं.

ओळखण्याची सगळ्यात सोपी खूण अशी की खरा आकडा सेलमध्ये उजवीकडे चिकटतो आणि शब्द डावीकडे. काही न बदललेल्या शीटवर एका नजरेत चोर सापडतो. आमच्याकडे तो सापडला नाही, कारण पुतण्याने देखणं दिसावं म्हणून सगळे रकाने मधोमध केले होते. आकड्यांचा रकाना मधोमध करू नका. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं की मी घरातल्या प्रत्येकाला दोनदोनदा सांगितलं आहे.

दुसरी तपासणी: ‘काउंट’ फक्त आकडे मोजतं आणि ‘काउंटए’ रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजतं. वजनाच्या रकान्याखाली दोन्ही लिहून ठेवा. दोन्ही उत्तरं सारखी नसतील तर एखादा शब्द आत घुसला आहे. आमच्या त्या दिवशीच्या रकान्यावर काउंट ३ देतं आणि काउंटए ४.

तिसरी गोष्ट मुळावरच घाव घालणारी आहे. डेटा मेनूत डेटा व्हॅलिडेशन असतं. वजनाचा रकाना निवडायचा, फक्त शून्यापेक्षा मोठी संख्या चालेल असा नियम लावायचा आणि चुकीची नोंद नाकारायला सांगायचं. मग देवनागरी आकडा टाइप केला की शीट तो घेतच नाही. एक भोक राहतं: व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा दुसऱ्या शीटवरून कॉपी करून चिकटवलेला आकडा हा नियम चुकवून आत येऊ शकतो. म्हणून काउंटची जोडी ठेवावीच लागते.

जुन्या नोंदी दुरुस्त करायच्या असतील तर लॅपटॉपवर कंट्रोल आणि एच दाबून देवनागरी शून्यापासून नऊपर्यंत एकेक आकडा इंग्रजी आकड्याने बदला. दहा वेळा करावं लागतं, पण वर्षाचा हिशेब चहा निवायच्या आत सरळ होतो. आधी फक्त आकड्यांचे रकाने निवडा, नाहीतर शेरे आणि गट नंबरही बदलतील.

एवढं झाल्यावर माझं मत पक्कं झालं होतं की हिशेबात देवनागरी आकडे नकोतच. नात्यातल्या चार घरांना तसं सांगूनही टाकलं. पण आबांना इंग्रजी आकड्यांचा कागद दिला की ते चष्मा वर-खाली करतात. वही त्यांनी आयुष्यभर मराठी आकड्यांत लिहिली, बटाईवाल्याचा आणि मजुरांचा हिशेबही त्यांच्यासमोरच वाचला जातो. हिशेब ज्याला पटायला हवा त्यालाच वाचता येत नसेल तर तो ठेवायचा कशाला, हा प्रश्न मला सोडत नव्हता.

त्यावरचा तोडगा लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये निघाला आणि माझं मत बदललं. आकड्यांचा रकाना निवडून कंट्रोल आणि इंग्रजी एक दाबायचं, नंबरच्या यादीत शेवटी कस्टम आहे तिथे जायचं आणि चौकटीत हे लिहायचं: [$-4000439]0. आत आकडा इंग्रजीच राहतो, बेरीज-गुणाकार सगळं बरोबर चालतं, फक्त पडद्यावर आणि प्रिंटवर तो देवनागरीत दिसतो. मी पहिली प्रिंट काढून आबांच्या हातात दिली. त्यांनी बोट फिरवत सगळा कागद खालपर्यंत वाचला, एका जागी थांबून खताची रक्कम विचारली, आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. या एका सोयीसाठी तो जुना लॅपटॉप मी अजून विकलेला नाही. भरायला इंग्रजी आकडे, वाचायला मराठी आकडे, हे आता आमच्या घरचं ठरलं आहे.

तरी तक्रार राहतेच. शीट बनवणाऱ्यांना देवनागरी आकडा ओळखणं अवघड नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या भाषांची अक्षरं नोंदणाऱ्या यादीत, त्या दहा आकड्यांना संख्या म्हणूनच नोंदलेलं आहे. निदान ‘या रकान्यात एक नोंद मोजली गेली नाही’ एवढी सूचना तरी द्यावी. मराठीत मेनू देतात, मराठीत टायपिंग देतात आणि मराठी आकडा आला की तो न सांगता टाकून देतात, हे मला पटत नाही.

आता बाकीचं.

तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम दाबला की आजची तारीख कायमची बसते. ‘टुडे’ हे सूत्र वापरू नका, ते रोज बदलतं, मग महिन्याभराने सगळ्या कापण्या आजच झाल्यासारख्या दिसतात.

टॅबवर स्क्रीन दोन भागांत करता येतो, हे मला फार उपयोगी पडतं. एका बाजूला रावेर-बऱ्हाणपूरच्या बाजारभावाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, दुसऱ्या बाजूला शीट. मागे-पुढे करताना आकडा विसरण्याची भानगडच नाही. काट्याच्या पावतीचा फोटो गूगल लेन्समधून काढून आकडे कॉपी करता येतात, पण छपाई पुसट असली तर ३ आणि ८ नीट तपासा.

जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डच्या क्लिपबोर्डमध्ये कॉपी केलेलं एक तासाने निघून जातं, पिन केलं तर राहतं. गाडीवाल्याला पाठवायचा शेताचा पत्ता, बँक खात्याचा तपशील असलं रोजचं सगळं पिन करून ठेवा. त्याच कीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकटही देता येतो: मी ‘शेप’ लिहिलं की सगळा पत्ता सुचवला जातो. लॅपटॉपवर विंडोज आणि व्ही ही बटणं दाबली की कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी दिसतात. पहिल्यांदा तिथेच चालू करावं लागतं, आणि लॅपटॉप बंद करून सुरू केला की पिन नसलेल्या पुसल्या जातात.

बांधावर नेटवर्क नसतं. फाइल आधीच ऑफलाइन उपलब्ध करून ठेवली तर भरता येते आणि घरी वायफायवर आली की आपोआप इंटरनेटवर चढते. सर्व्हिस सेंटरने रिसेटची भीती घातली तेव्हा मी निर्धास्त होते ती याचमुळे. आणखी एक, व्हर्जन हिस्टरी. कुणी, कधी, कुठला आकडा बदलला ते तिथे दिसतं. भावाभावांच्या एकत्र हिशेबात ही सोय वहीने कधी दिली नसती. कुणावर संशय घ्यायचा म्हणून नाही, संशय येऊच नये म्हणून ती सगळ्यांना उघडून दाखवून ठेवा.

उन्हाळ्याबद्दल सांगायलाच हवं. आयपॅडसारख्या टॅबसाठी कंपनीच ० ते ३५ अंश तापमानात वापरा असं सांगते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि आमच्या तापीकाठी काही वेगळं नाही. आमचा टॅब दुपारी चार्जिंग थांबवायचा, स्क्रीन आपोआप मंद व्हायचा. मला वाटलं बॅटरी गेली. तसं नव्हतं, तो स्वतःला वाचवत होता. आता पहाटे चार्ज करते, दुपारी झाडाखालीसुद्धा बाहेर ठेवत नाही, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. जाड कव्हर चार्जिंगच्या वेळी काढते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय ज्या टॅबमध्ये आहे त्यांनी ती चालू ठेवावी. मेमध्ये मी या टॅबला वाईट म्हणाले असते, जूनमध्ये पाऊस पडल्यावर तोच टॅब दिवसभर टिकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घेतलेल्या टॅबबद्दल लगेच मत बनवू नका.

लॅपटॉपवर विंडोज १० आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार तेवढ्यावर नवा घ्या म्हणतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची नोंदणी ठेवली आहे, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर ती दिसते. मी ती केली. बँकेचं काम मात्र त्यावर करत नाही. मृगबागेचे (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे) पैसे हातात आले की नवा बघू, आणि तो घेताना एक्सेलमध्ये ती चौकट उघडून आकडे मराठीत दिसतात का, हे मी दुकानातच तपासून घेणार आहे.