एकच हँडगन ठेवायची तर: ग्लॉक 19 अनेक महिने वापरल्यानंतर

एकच पिस्तूल ठेवायचं ठरवलं की गरजांची आपापसात भांडणं सुरू होतात. रेंजवर नेमबाजी करायला जड आणि लांब नळीचं हत्यार बरं. अंगावर बाळगायला हलकं नि आखूड. घरात ठेवायला टॉर्च बसेल असं दणकट, आणि वेळ आली तर घरातल्या दुसऱ्या माणसालाही चालवता येईल असं. या सगळ्यांत पहिला नंबर काढणारं हत्यार मला तरी सापडलेलं नाही. सगळ्यांत पास होणारी दोन-चार आहेत. त्यातलं ग्लॉक 19, पाचवी जनरेशन, मी घेतलं आणि आता बरेच महिने ते एकटंच वापरतो आहे.

नळीची लांबी, गोळ्यांची संख्या, कॅलिबर (गोळीची जाडी) यांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझा अनुभव विचाराल तर एकाच हत्याराची निवड ठरते ती मुठीवर.

ग्लॉक 17 हे पूर्ण आकाराचं पिस्तूल, 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं स्वीकारलेलं. 1988 मध्ये त्यालाच जरा कापूनछाटून 19 आलं. नळी 114 मिलिमीटरची 102 झाली, मूठ सेंटिमीटरभर आखूड झाली आणि मॅगझिनमध्ये 17 ऐवजी 15 गोळ्या आल्या. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. कमरेला लावलं की कळतो. नळी पँटच्या आत जाते, ती थोडी लांब असली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चुगली करते ती मूठ. बुटाची नाडी बांधायला वाकलात की मुठीचं मागचं टोक शर्ट आतून ढकलतं, आणि मागून बघणाऱ्याला कापडाखाली एक चौकोनी कोपरा स्पष्ट दिसतो. 17 ला हा कोपरा दर वाकण्याला दिसायचा, 19 ला क्वचित.

मग याहून लहान का नको? कारण करंगळी. अगदी लहान पिस्तुलांत ती मुठीवर मावत नाही, हवेत लोंबकळते. तीन बोटांनी धरलेलं पिस्तूल प्रत्येक गोळीनंतर हातात थोडं फिरतं, पकड परत जमवावी लागते आणि दुसरी गोळी उशिरा सुटते. तासभर सराव केला की हाताला नकोसं होतं. आणि ज्याचा सराव नकोसा होतो ते हत्यार लवकरच नुसतं कुलपात पडून राहतं. 19 वर माझी करंगळी जेमतेम, पण पूर्ण बसते. तळवा फारच रुंद असेल तर मात्र आधी हातात घेऊन बघा. मॅगझिन आपटून बसवताना मुठीच्या तळाशी तळहाताची कातडी चिमटण्याची शक्यता आहे.

या मुठीचा आणखी एक फायदा आधी माझ्या हिशेबातच नव्हता. 17 चं लांब मॅगझिन 19 मध्ये बसतं, उलटं मात्र होत नाही. त्यामुळे बाहेर पडताना 15 चं, घरात 17 चं.

कॅलिबरचं थोडक्यात उरकतो. 9 मिलिमीटर पॅराबेलम हे काडतूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं, गेओर्ग लुगरच्या हातचं. अमेरिकेच्या एफबीआयनं 1986 च्या मायामीतल्या चकमकीनंतर ‘9 कमी पडतं’ म्हणून आधी 10 मिलिमीटर आणि मग पॉइंट 40 धरलं, आणि 2010 च्या दशकाच्या मध्यावर गुमान 9 वर परत आली. कारण साधं होतं. गोळ्यांची बनावट सुधारली होती, मांसासारख्या घट्ट जिलेटिनवर गोळी झाडून केलेल्या चाचण्यांत फारसा फरक उरला नव्हता, आणि कमी झटक्याच्या हत्यारानं बहुतेकांचे नेम जास्त लागत होते. काही देशांत 9 हे लष्करी कॅलिबर म्हणून नागरिकांना बंद आहे. तिथं कायदा जे देईल ते घ्यावं, मुठीचा मुद्दा तसाच राहतो.

ट्रिगरबद्दल मात्र सविस्तर. बाहेर हातोडी नसलेलं, स्ट्रायकरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या आतल्या टोकदार दांडीवर चालणारं हे पिस्तूल. बाहेरून दाबायचं सेफ्टीचं बटण नाही. तीन सेफ्ट्या आहेत, त्यातली एक ट्रिगरच्याच मधल्या पात्यात आणि दोन आत लपलेल्या. ट्रिगर दाबला की तिन्ही सुटतात. दाब साधारण अडीच किलोचा. सुरुवातीला ढिला प्रवास, मग एक ठाम भिंत, ती ओलांडली की सुटलं. सोडताना बोट पूर्ण पुढं न्यायची गरज नाही, थोडं पुढं गेलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ट्रिगर पुन्हा तयार. हे ‘टक्’ बोटाच्या अंगवळणी पडलं आणि माझे गोळ्यांचे गट आपोआप आवळले, म्हणजे कागदावरची भोकं जवळजवळ पडू लागली. जुन्या 1911 पिस्तुलाचा ट्रिगर याहून कितीतरी गोड आहे, त्यात वादच नाही. पण ते भरल्यावर सव्वा किलोच्या घरात जातं आणि त्याच्या मॅगझिनमध्ये गोळ्या 7.

ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलावर सराव, हे माझं जवळजवळ रोजचं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबर (नळीच्या मागची, काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघून आणि बोट घालून तपासलेलं, समोर भक्कम भिंत. पुढच्या साइटमागं (नेम धरायच्या खुणेमागं) स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागं-पुढं सरकणाऱ्या वरच्या भागावर, रिकामी पुंगळी उभी करायची आणि ती न पाडता ट्रिगर दाबायचा. उजव्या हाताच्या माणसाचा साइट सुटण्याच्या क्षणी हमखास खाली-डावीकडे डुचकतो. बोट ओढतं त्याबरोबर सगळी मूठच आवळली जाते, म्हणून. ही खोड रेंजवरच्या धडाक्यात दिसत नाही, पुंगळी पडली की दिसते. इथं ग्लॉकची एक कटकट आहे. दर वेळी ट्रिगर परत तयार करायला स्लाइड सेंटिमीटरभर मागं ओढावी लागते, म्हणजे पकड मोडते आणि पुंगळी पुन्हा उभी करावी लागते. रिव्हॉल्व्हरवाल्यांना नुसता ट्रिगर पुन्हा दाबायचा असतो; ते यावर हसतात, आणि ते बरोबर हसतात.

अडकण्याबाबत: चांगल्या काडतुसांवर पिस्तूल माझ्या हातात अडकलेलं नाही. एका स्वस्तातल्या लॉटमध्ये मात्र मंद आवाजाच्या गोळ्या निघाल्या आणि पुंगळी नीट बाहेर फेकली गेली नाही. दोष काडतुसांचा होता, तो लॉट मी बाजूला ठेवला. पण अशा मंद आवाजानंतर पुढची गोळी झाडायची नाही, थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं आणि नळीत काही अडकलंय का ते बघायचं. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या हातात तेच पिस्तूल कधीमधी अडकायचं. मनगट ढिलं असलं की झटक्याबरोबर सगळं पिस्तूलच मागं जातं आणि स्लाइडला पूर्ण मागं जायला जोर उरत नाही. मनगट ताठ ठेवायला शिकवलं, बंद झालं.

साफसफाई अगदी सोपी, तेलाचे चार थेंब पुरतात. पण उघडण्याआधी ट्रिगर दाबावाच लागतो, रचनाच तशी आहे. त्यामुळे मॅगझिन काढणं, चेंबर बघणं, पुन्हा बघणं, हा क्रम झोपेतही चुकता कामा नये. घाई करणाऱ्या किंवा गप्पा मारत साफसफाई करणाऱ्या माणसाला मी हे पिस्तूल सुचवणार नाही.

होल्स्टरबद्दलही, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानाबद्दलही तेच. बाहेर सेफ्टी नाही म्हटल्यावर ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर हवंच. मऊ कापडी किंवा ढिल्या पडलेल्या चामड्याच्या होल्स्टरची घडी आत शिरून ट्रिगर दाबू शकते, आणि शर्टाचं टोकही. परत घालताना मी बघून, सावकाश घालतो. त्यात घाई करण्याचं कारण मला आजवर सुचलेलं नाही.

कंपनीकडून आलेल्या प्लॅस्टिकच्या साइट्स मी बदलल्या. अंधारात दिसणाऱ्या, ट्रिशियम या किरणोत्सर्गी पदार्थाच्या बसवल्या. त्या कायमच्या उजळ राहत नाहीत. ट्रिशियमचं अर्धायुष्य 12 वर्षांच्या थोडं वर असतं, तेव्हा एक तपानंतर उजेड निम्मा होणार हे धरून चाला. नळीखालच्या पट्टीवर टॉर्चही लावला आहे, कारण रात्री घरात समोर कोण आहे हे कळल्याशिवाय पिस्तूल उचलण्यात अर्थ नाही. एरवी ते कुलूपबंद पेटीत असतं. मुलं असोत वा नसोत, पाहुणे तर येतातच. रेंजवर कानांवर मफ्स हवेतच. 9 मिलिमीटरचा आवाज 155 डेसिबलच्या पुढं जातो आणि 140 पासून कानाला कायमची इजा होऊ शकते. घरी आल्यावर जेवणाआधी हात धुवा, प्राइमरमधलं (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतलं) शिसं बोटांवर राहतं.

आता रिव्हॉल्व्हर. एकाच हत्याराच्या स्पर्धेत पॉइंट 357 मॅग्नमचं चार इंची रिव्हॉल्व्हर मी शेवटपर्यंत यादीत ठेवलं होतं. त्यात सौम्य पॉइंट 38 स्पेशलही चालतं, म्हणजे एकाच नळीत सराव आणि जोर दोन्ही. फक्त 38 बऱ्याच झाडल्या की चेंबरमध्ये काजळीचं कडं जमतं आणि लांब 357 आत जाताना अडतं, तेवढं घासावं लागतं. मला नडली ती सिलिंडरची, म्हणजे गोळ्या ठेवायच्या फिरत्या भागाची जाडी, आणि डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर (एकाच दाबात हातोडी मागं ओढून सोडणारा), जो ग्लॉकच्या जवळपास दुप्पट जड असतो. पण ज्यांच्या बोटांत संधिवात आहे, स्लाइड मागं ओढताच येत नाही, त्यांनी माझं वरचं सगळं बाजूला ठेवून रिव्हॉल्व्हर हातात घ्यावं आणि ट्रिगर सलग दहा वेळा दाबता येतो का ते बघावं. जे महिन्यातून एकदाही सराव करणार नाहीत त्यांनाही तेच म्हणेन. गोळी फुटली नाही तर त्यात फक्त पुन्हा ट्रिगर दाबायचा असतो, स्लाइडशी झटापट नाही.