पाले गार्निए, पॅरिस : बाहेरून फोटो काढून परत फिरू नका, आत जा
रेटिंग : ५ पैकी साडेचार

आपल्या जळगाव-धुळ्याकडून युरोप टूरला जाणाऱ्यांचं ठरलेलं असतं, बस पाले गार्निए म्हणजे पॅरिसच्या ऑपेरा हाऊसजवळ थांबते, सगळे उतरून पटापट फोटो काढतात आणि मागच्या गॅलरी लाफायेत या मोठ्या दुकानात परफ्यूम बघायला पळतात. आमच्याही टूरवाल्याच्या प्लॅनमध्ये एवढंच होतं. पण मी अमळनेरला बांधकामाचीच कामं घेतो, असली बिल्डिंग नुसती बाहेरून बघून सोडवेना, म्हणून मोकळ्या वेळात मी आणि मोठी आई तिकीट काढून आत गेलो.

आधी हे क्लिअर करतो की हे तिकीट शोचं नाही, बिल्डिंग बघायचं आहे. ऑनलाइन टाइम स्लॉट घ्यायचा. एंट्री पुढच्या मोठ्या दारातून नाही, बाजूला स्क्रीब आणि ओबेर रस्त्यांच्या कोपऱ्यावरून आहे, त्यामुळे समोर उभं राहून रांग शोधत बसू नका. ऑडिओ गाईड घ्याच, नाहीतर नुसतं सोनंच सोनं दिसतं आणि अर्ध्या तासात डोकं भणभणतं.

थोडी हिस्ट्री सांगतो कारण त्याशिवाय ही बिल्डिंग अशी का आहे ते कळत नाही. १४ जानेवारी १८५८ ला फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन जुन्या ऑपेरात निघाला होता, तिथे दारातच त्याच्यावर बॉम्ब फेकले, तो वाचला पण लोकं मेली. मग ठरलं की नवीन थिएटर बांधायचं, मोकळ्या जागेत, आणि बादशहाला वेगळी सेफ एंट्री पाहिजे. त्यासाठी कॉम्पिटिशन ठेवली, १७१ डिझाइनं आली, आणि १८६१ मध्ये जिंकला कोण तर चार्ल्स गार्निए, वय ३५, फारसं कोणाला माहीत नसलेला, बाप लोहार. मला हे लई आवडलं.

१८६२ मध्ये पायाचा दगड बसला पण खाली पाणीच पाणी. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात, या माणसाच्या डोक्याला मात्र ताप झाला. वाफेचे पंप लावून कित्येक महिने रात्रंदिवस उपसा केला, आणि मग त्याने काय डोकं लावलं बघा, स्टेजच्या खाली डबल भिंतींची मोठी टाकी बांधली आणि तीच पाण्याने भरून टाकली, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या दाबाला तोलून धरतं. ती टाकी आजही भरलेली आहे, पॅरिसचे फायर ब्रिगेडवाले तिथे पोहायची प्रॅक्टिस करतात. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ या कादंबरीतलं तळघरातलं तळं ते हेच. टुरिस्टला ही टाकी दाखवत नाहीत, पण वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या कोणालाही ही आयडिया ऐकून मजा येईल.

बादशहासाठी बग्गी थेट आत चढेल असा उताराचा रस्ता बांधला. पण १८७० च्या युद्धात त्याचं राज्य गेलं, १८७३ मध्ये तो इंग्लंडमध्ये वारला आणि बिल्डिंग चालू झाली ५ जानेवारी १८७५ ला! एवढा खर्चाचा रॅम्प आणि ज्याच्यासाठी बांधला तो कधी आलाच नाही. त्या बाजूला आता लायब्ररी आणि म्युझियम आहे.

आता मेन गोष्ट, जिना. माझ्या मते पैसे वसूल इथेच होतात. पायऱ्या पांढऱ्या संगमरवराच्या, कठड्याला लाल आणि हिरवा संगमरवर, खाली रुंद एकच जिना आणि वर जाऊन दोन बाजूंना फुटतो, आणि चारी बाजूंनी वरच्या मजल्यांच्या बाल्कन्या त्या जिन्याकडे तोंड करून. म्हणजे नाटक सुरू व्हायच्या आधीच कोण कोणासोबत आलं, काय नेसून आलं हे सगळ्यांना दिसावं असाच प्लॅन आहे. खरं स्टेज हेच. मोठी आई कठड्याला हात लावून वर बघत म्हणाली, “इतला मोठा जिना, झाडस कोन रे भाऊ?”

आणि हे सगळं दगडी वाटतं ना, आत लोखंडी सांगाडा आहे, गार्निएने तो मुद्दाम दगडाआड झाकून टाकला. त्याच काळात लोखंड उघडं ठेवून बांधणारे लोक होते, याला ते चालणार नव्हतं.

आत शिरताना जी गोल खोली लागते तिथे छताकडे बघा. नक्षीच्या वेलबुट्टीत गार्निएने स्वतःचं नाव आणि १८६१-१८७५ ही वर्षं कोरून ठेवलीत, अक्षरं इतकी वाकडीतिकडी की सांगितल्याशिवाय सापडत नाहीत. उद्घाटनाच्या दिवशी म्हणे त्यालाच पैसे भरून सीट घ्यावी लागली, तेव्हा नाव कोरलं ते बरंच केलं.

ऑडिटोरियम लाल आणि सोनेरी, दोन हजाराच्या आसपास खुर्च्या, मधे काही टनांचं झुंबर. छतावरचं रंगीत पेंटिंग मार्क शागाल या चित्रकाराचं आहे, १९६४ चं, जुनं पेंटिंग त्याच्या मागे तसंच झाकलेलं आहे. मला ते या हॉलला सूट होत नाही असं वाटलं, मोठ्या आईला तेवढंच आवडलं.

अर्धा स्टार कापला तो वरच्या ग्रँड फॉयेसाठी, म्हणजे मध्यंतरात लोकांनी फिरायच्या हॉलसाठी. ५४ मीटर लांब, आरसे, झुंबरं, सोनं, छतभर चित्रं, एक इंच मोकळी जागा नाही. डोळ्याला कुठे टेकायला जागाच ठेवली नाही राव.

जायचं असेल तर मेट्रोचं ऑपेरा स्टेशन, बाहेर आलं की समोरच. रिहर्सल असली की ऑडिटोरियम बंद ठेवतात, तेव्हा तारीख ठरवायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या. आणि टूरवाल्याला बुकिंगच्या वेळीच विचारा, आतलं तिकीट पॅकेजमध्ये आहे का नुसता बाहेरून फोटो.