वायरशार्क, आठ महिन्यांनंतर: पकडणारा वेगळा, उकलणारा वेगळा

वायरशार्क म्हणजे नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं पकडून ती उकलून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते बसवलेली जागा बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतली. दोन शेड, वर ऑफिस, चाळीसेक संगणक आणि मॉडबस या औद्योगिक प्रोटोकॉलवर बोलणारे सहा पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक). मुख्य स्विचच्या मिरर पोर्टला (जिथे बाकी पोर्टांवरच्या रहदारीची प्रत मिळते) एक मिनी पीसी जोडलेला, त्यावर लिनक्सचं उबुंटू २२.०४. वायरशार्कच्या फिल्टरांचं कौतुक पुष्कळांनी केलेलं आहे, त्यात भर घालण्यासारखं काही नाही. हे लिहिलंय ते बफर ओव्हरफ्लोच्या, म्हणजे ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त डेटा लिहिला जाण्याच्या, अंगाने, कारण हे सॉफ्टवेअर दिवसभर अनोळखी माणसाने पाठवलेले बाइट वाचत बसतं.

वायरशार्कमध्ये प्रत्येक प्रोटोकॉलसाठी एक डिसेक्टर, म्हणजे त्याची पॅकेटं उकलणारा कोड, असतो, आणि बहुतेक सगळे सी भाषेत लिहिलेले. पॅकेटातला लांबीचा आकडा ३०० म्हणतो, लिहिणाऱ्याने जागा २५६ बाइटची ठेवलेली, आणि नकल करण्याआधी तपासणी नाही. मग वरचे ४४ बाइट शेजारच्या मेमरीवर सांडतात. ती जागा स्टॅकवर (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) असेल तर फंक्शनचा परतीचा पत्ता तिथून लांब नसतो, आणि तो बदलला की हल्लेखोराचा कोड चालू शकतो. पुष्कळांचा समज असा की मिरर पोर्टला आयपी पत्ताच नाही, मग हल्ला कुठून होणार? पण इथे आयपी पत्त्याची गरजच नाही. पॅकेट वाचलं गेलं की झालं. त्याच मशीनवरची फायरवॉलही कामाची नाही, कारण लिनक्सवर लिबपीकॅपला (पॅकेट पकडणाऱ्या लायब्ररीला) आत येणारं पॅकेट फायरवॉलने टाकून देण्याआधीच मिळतं.

२००४ चा विटी वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) याच वाटेने आला. आयएसएस या कंपनीची सुरक्षा उत्पादनं आयसीक्यू या चॅट सेवेचं पॅकेट उकलताना फसायची. ४००० या सोर्स पोर्टवरून आलेलं एक यूडीपी पॅकेट पुरायचं, आणि सुमारे १२,००० मशीनं त्यात सापडली. २००५ मध्ये स्नॉर्ट या घुसखोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, बॅक ओरिफिस हा हल्लेखोरांचा प्रोग्रॅम ओळखणाऱ्या भागातच स्टॅक ओव्हरफ्लो निघाला. चोर पकडणारा कुत्राच चोराच्या हातचा तुकडा खाऊन पडला म्हणायचं.

वायरशार्कची रचना त्या मानाने शहाणी आहे. पॅकेटातले बाइट थेट पॉइंटरने न वाचता हद्द तपासणाऱ्या फंक्शनांतून वाचले जातात. हद्द ओलांडली की डिसेक्टर तिथेच थांबतो आणि ‘मालफॉर्म्ड पॅकेट’ अशी ओळ दिसते. म्हणून ती ओळ दिसली की घाबरू नये, तपासणी चालू असल्याची ती खूण आहे. धोका उरतो तो डिसेक्टर लिहिणाऱ्याने स्वतःच्या ठराविक मापाच्या अ‍ॅरेत नकल केली तिथे.

आता मांडणी. कॅप्चरचं काम डंपकॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, आणि खास परवानगी फक्त त्यालाच लागते. वायरशार्क-कॉमन पॅकेज डीपीकेजी-रिकॉन्फिगर या आज्ञेने पुन्हा मांडायचं, साध्या वापरकर्त्याला कॅप्चर करू द्यायचं का या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचं, वापरकर्त्याला वायरशार्क ग्रुपमध्ये टाकायचं आणि लॉगआउट करून परत लॉगइन करायचं. ही शेवटची पायरी राहते, इंटरफेस दिसत नाहीत, आणि माणूस वैतागून सुडो लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याने, वायरशार्क उघडतो. तिथेच सगळं हुकतं, कारण आता झाडून सगळे डिसेक्टर रूटच्या अधिकाराने चालतात. सोर्सवरून बांधून घेतलं असेल तर दर इन्स्टॉलनंतर गेटकॅप या आज्ञेने डंपकॅपची परवानगी तपासा. फाइल बदलली की परवानगी जाते.

मिनी पीसीवर फक्त डंपकॅप चालतो. १०० एमबीच्या ५० फाइली, गोल फिरणाऱ्या. म्हणजे ५ जीबीच्या वर डिस्क जात नाही. लाइट गेली की शेवटची फाइल अर्धवट राहते आणि उघडताना पॅकेटच्या मध्येच तुटल्याची तक्रार येते, पण आधीचं सगळं वाचता येतं. फाइली उघडायच्या त्या दुसऱ्या मशीनवर, नेटवर्क बंद असलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, काम झालं की स्नॅपशॉटवर परत. टीशार्क (वायरशार्कचं टर्मिनलवरचं रूप) सलग चालू ठेवायच्या फंदात पडू नका. तो प्रत्येक संभाषणाची स्थिती लक्षात ठेवतो, मेमरी फुगत जाते आणि शेवटी कर्नल त्याला मारतं.

टीशार्क असा बंद पडला की पुष्कळांना तो हल्ला वाटतो. डीमेसेज (कर्नलची नोंदवही) बघावं: ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर वरचीच गोष्ट, ‘सेगफॉल्ट’ असेल तर डिसेक्टरमध्ये खोट. टर्मिनलवर ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’ आलं तर स्टॅकवर खरोखर लिहिलं गेलंय आणि कंपायलरच्या राखणदाराने ते पकडलंय. दोषी पॅकेट शोधायला एडिटकॅपने (वायरशार्कसोबत येणाऱ्या, फाइल कापण्या-बदलण्याच्या साधनाने) फाइलचे हजार-हजार पॅकेटांचे तुकडे करून एकेक टीशार्कला द्यायचा. कधी तुकड्यांत क्रॅशच होत नाही. तेव्हा दोष अनेक पॅकेटं जोडण्याच्या कोडमध्ये असतो, आणि तुकड्याची सुरुवात मागे सरकवत जावं लागतं.

अपग्रेडआधीची चाचणीही एडिटकॅपवरच. त्याच्या कॅपिटल ई पर्यायाला ०.०२ दिलं की सुमारे दोन टक्के बाइट बिघडवलेली फाइल मिळते. ती अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू ठेवून बांधलेल्या टीशार्कला द्यायची. हळू चालतो, पण अहवाल स्वच्छ देतो: ‘रीड’ म्हणाला तर हद्दीबाहेर वाचन, ‘राइट’ म्हणाला तर काम थांबवून आधी ते बघा.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’ या खिडकीचा. सगळं बंद करून इथरनेट, एआरपी, आयपी, टीसीपी, यूडीपी, डीएनएस, डीएचसीपी, टीएलएस एवढंच चालू केलं. मॉडबससाठी दोन नोंदी चालू कराव्या लागतात, मॉडबस-टीसीपी आणि नुसता मॉडबस. एकच चालू केली तर फंक्शन कोड (पीएलसीला काय करायला सांगितलंय तो आकडा) दिसत नाही. अंदाजाने ओळखणारे ह्युरिस्टिक डिसेक्टर वेगळे असतात, तेही बंद करा. सुरक्षा सूचना आली की तिच्यातल्या डिसेक्टरचं नाव बघायचं. आपल्याकडे तो बंद असेल तर अपडेट रविवारवर ढकलायला हरकत नाही.

उबुंटू २२.०४ सोबत आलेली आवृत्ती ३.६.२ ठेवू नका, त्या मालिकेचा आधार २०२४ मध्ये संपला. वायरशार्क प्रकल्पाचा स्वतःचा पीपीए (पॅकेजांचा वेगळा साठा) लावा. एक कटकट मात्र राहते: ‘एनेबल्ड प्रोटोकॉल्स’मधली आपली निवड प्रोफाइलमध्ये बंद प्रोटोकॉलांची यादी म्हणून साठते. नव्या मोठ्या आवृत्तीतले नवे डिसेक्टर त्या यादीत नसतात, म्हणून गुपचूप चालू होऊन बसतात. अपग्रेड झालं की ती खिडकी पुन्हा उघडून वरून खालपर्यंत बघावीच लागते.