सिको ग्रँड क्वार्ट्झ ९९४३: नऊ महिन्यांत चार सेकंद

ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या नाकानो ब्रॉडवेमधल्या जुन्या घड्याळांच्या दुकानांत फिरताना सिकोचं हे मनगटी घड्याळ हाती आलं. मागच्या झाकणावरचा नंबर ९५ ने सुरू होतो (९ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ५ हा महिना), म्हणजे मे १९७९. ३२ हजार येन दिले. घरी येऊन ११७ लावला (जपानात या नंबरवर फोनवरून वेळ सांगतात) आणि ठोक्याबरोबर चावी आत दाबली. तेव्हापासून काटे हलवलेले नाहीत. दर रविवारी ११७ शी ताडून वहीत फरक लिहिते. परवा चार सेकंद पुढे होतं.

कंपनीचा दावा तेव्हा वर्षाला १० सेकंदांच्या आत राहण्याचा होता. एवढ्या वर्षांनीही ते तो पाळतंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. साध्या क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणाऱ्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण साधारण २५ अंशांपासून तापमान वर गेलं काय किंवा खाली आलं काय, तो मंदावतोच. सतत ४० अंशांत ठेवलं तर रोज अर्ध्या सेकंदाहून जास्त मार बसतो. माझं हे घड्याळ 'ट्विन क्वार्ट्झ' आहे, म्हणजे त्यात दुसरा एक स्फटिक आहे. दोघांच्या कंपनांतल्या फरकावरून सर्किटला तापमान कळतं आणि ते तेवढी दुरुस्ती करत राहतं.

मे महिन्यात तीन आठवडे जळगावला होते. भारताची वेळ साडेतीन तास मागे, ती लावायची तर सेकंद काटा थांबवावा लागणार आणि सगळी नोंद वाया जाणार. म्हणून जपानची वेळच ठेवली. आई रोज विचारायची, "अगं, तुझं घड्याळ इतकं पुढे कसं?" सोबत नेलेलं माझं साधं क्वार्ट्झ त्या उन्हाळ्यात सहा सेकंद मागे पडलं. या सिकोत मात्र मला फरक दिसला नाही.

हातावर ते पातळ आणि शांत वाटतं. वाराच्या खिडकीत जपानी अक्षरंही येतात, शनिवार निळा, रविवार लाल. सेकंद काटा जवळजवळ प्रत्येक रेघेवर नेमका बसतो, फक्त ३५ ते ४० च्या दरम्यान किंचित अलीकडे थांबतो.

आता काळजीच्या गोष्टी. पाण्याजवळ मी हे नेत नाही. पावसाळ्यात काढूनच ठेवते. सर्किट गेलं तर नवं मिळत नाही, दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढून बसवावं लागतं. घेण्याआधी दुकानदाराला मागचं झाकण उघडायला सांगाच. मी पाहिलेल्या पहिल्या नगात सेल गळून हिरवा थर बसला होता. डायल मात्र चकचकीत होती. मूळ स्टीलचा पट्टा माझ्या मनगटाला पुरतो, पण जाड मनगटाच्या माणसाने कड्या मोजूनच पैसे द्यावेत, सुट्या कड्या सहज सापडत नाहीत.

सेल बदलायची वेळ आली की काटे थांबणारच. तोवर वही चालू आहे.